मदत हवी आहे: १९६७ ची मस्टँग, डिस्क ब्रेक बसवल्यापासून पुढची चाकं धरतात, आणि पुढचा खर्च इंजिनवर करू की पत्र्यावर?

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये, डिअरबॉर्नजवळ राहतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्याच गल्लीतल्या एका आजोबांकडून त्यांची १९६७ ची फोर्ड मस्टँग घेतली. हार्डटॉप (पत्र्याच्या पक्क्या छपराची), २८९ घनइंचाचं व्ही-एट, तीन गिअरचा सी-४ ऑटोमॅटिक. चेसिस नंबर ७एफ०१सी असा सुरू होतो, म्हणजे ६७ साल, डिअरबॉर्नचा कारखाना, हार्डटॉप, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं २८९. माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर बनलेली गाडी आहे आणि आयुष्यभर इथल्याच, हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालली आहे.

बाबांचं मिरजेला गॅरेज होतं. अँबॅसडर, मॅटाडोर, ऊस वाहणारे ट्रॅक्टर, सगळं यायचं. मी शाळेतून आलो की रॉकेलमध्ये पाने धुऊन द्यायचो. बाबा जुलैत इकडे येतायत आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला त्यांना याच गाडीतून न्यायचं मी ठरवलंय. १९९५ पासून वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ही जत्रा भरते, जुन्या गाड्यांच्या रांगा मैलोन्‌मैल असतात. पण मला वर्षातून एकदा बाहेर काढायची गाडी नको आहे. हायवेवर ताशी सत्तर मैलांनी जावी, वेळेवर थांबावी, पावसात भिजली तरी चालावी, असं हवंय.

आता अडचण. गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पहिल्याच आठवड्यात मिशिगन अॅव्हेन्यूवर सिग्नलला जोरात ब्रेक मारला तर गाडी डावीकडे शेजारच्या लेनमध्ये ओढली गेली. पोरगा मागे बसला होता. त्या रात्री झोप लागली नाही. मग इथल्या एका गॅरेजमध्ये पुढे डिस्क ब्रेक बसवून घेतले. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं ऑइल चाकांकडे ढकलतो तो) जुनाच ठेवला. ६७ पासून दोन कप्प्यांचा येतो, तोच पुरेल असं ते म्हणाले. घरी येईपर्यंत पुढच्या चाकांतून जळका वास. जॅकवर घेतली तर चाक हाताने फिरेना. तासाभराने थंड झाल्यावर थोडं सैल झालं, पण मोकळं कधीच फिरत नाही. पुन्हा नेली तर "पॅड नवीन आहेत, बसतील" एवढंच उत्तर मिळालं. तीन आठवडे झाले, बसले नाहीत.

दुसरं दुखणं पत्र्याचं. पावसानंतर पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं लागायचं. रविवारी वायपरच्या खालच्या जाळीत पोराला मगने पाणी ओतायला लावलं आणि मी डॅशबोर्डखाली बॅटरी घेऊन आडवा झालो. पहिला मग पूर्ण रिकामा व्हायच्या आत हीटरच्या डब्यावरून थेंब सुरू झाले, मग धारच. बोट घालून पाहिलं तर आतल्या हवेच्या नळकांड्याची कड बिस्किटासारखी तुटून हातात आली.

तिसरं इंजिन. कॉम्प्रेशन तपासलं: सात सिलिंडर १४० ते १५० पाउंड, तीन नंबर फक्त ९५. चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं तर १००. त्याच गॅरेजने सुचवलं की हे इंजिन काढून टाका, फोर्डचं नवं पाच लिटरचं कोयोटी इंजिन बसवू. पण ते रुंद आहे, त्यासाठी पुढचे शॉक टॉवर (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे, सस्पेन्शन धरणारे पत्र्याचे खांब) कापावे लागतील आणि पुढचं सस्पेन्शन सगळंच बदलावं लागेल. टॉवर कापायला माझा हात धजत नाही. कापलं की ती डिअरबॉर्नची गाडी राहत नाही असं मला वाटतं. बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं, तर त्यांनी इंजिनाबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाले, "पायाखाली पेडल किती खाली जातं ते सांग."

तर प्रश्न असे: चाकं का धरतात? खर्चाचा क्रम काय ठेवू? आणि टॉवर न कापता हायवेला चालेल असं काय करता येईल?

जुनापाना:

तुमचे बाबा बरोबर आहेत. आधी ब्रेक. पॅड "बसण्याची" वाट बघू नका आणि तोवर गाडी चालवू नका.

गाडी जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा, चाक धरलं की क्रमाने जा. पहिल्यांदा मास्टर सिलिंडरचे फायरवॉलवरचे दोन नट दोन-तीन आटे सैल करा. चाक मोकळं झालं तर पेडलकडून येणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, लांब आहे, तो पिस्टनला मागे येऊ देत नाही. नाही झालं, तर मास्टर सिलिंडरला पुढच्या ब्रेकची जी नळी जोडलीय तिचा नट सैल करा. ऑइल उडून चाक सुटलं तर प्रेशर मास्टर सिलिंडरच धरून ठेवतोय. तरीही सुटलं नाही आणि फक्त कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्लीडर, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, उघडल्यावर सुटलं, तर रबरी होस आतून फुगलाय.

माझा अंदाज दुसरा. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीच्या पितळी सीटमागे एक छोटा रबरी व्हॉल्व्ह असतो. तो लाइनमध्ये दहा-एक पाउंड प्रेशर धरून ठेवतो, कारण ड्रमला ते हवं असतं. ड्रममध्ये शूज मागे ओढायला स्प्रिंगा असतात, कॅलिपरला काहीच नसतं. त्याला तेवढं प्रेशर मिळालं की पॅड डिस्कला चिकटून राहतात.

व्हॉल्व्ह काढून टाकता येतो, पण तसं करू नका. डिस्क-ड्रमसाठीचा मास्टर सिलिंडरच घ्या, कारण पॅड झिजत जातात तसा कॅलिपर जास्त ऑइल मागतो आणि ड्रमवाल्याचा कप्पा त्याला लहान पडतो. बूस्टर नसेल तर एक इंचापेक्षा मोठा बोअर नको, पेडल दगडासारखं होईल. मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घाला, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतील. आणि चाकांची रिम आतून कॅलिपरला घासत नाही ना ते बघा, ड्रमसाठीच्या १४ इंची रिमला हा त्रास असतो.

क्रम विचारलात. ब्रेक, मग वरचा पत्रा (काचेखालचा, वायपरच्या जाळीचा, जिथून पाणी गळतंय), मग फ्लोअर, मग स्टिअरिंग आणि सस्पेन्शन, इंजिन शेवटी. वरचा पत्रा गळत असताना खाली नवा फ्लोअर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. सिलिकॉन लावून एक पावसाळा ढकलता येतो, पण बिस्किट झालेल्या कडेला तेही धरत नाही. पुढचे फेंडर, बॉनेट, काच काढून वरचा पत्रा स्पॉट वेल्डवर ड्रिल मारून उचलावा लागेल. शंभराहून जास्त वेल्ड आहेत, घाई केली तर खालचा पत्राही फाटतो.

टॉवर कापू नका. त्याच टॉवरवर वरच्या कंट्रोल आर्मची (चाक धरणाऱ्या वरच्या दांड्याची) भोकं सुमारे इंचभर खाली पाडा. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी काढलेली ही युक्ती कॅरल शेल्बीने बनवलेल्या वेगवान मस्टँग गाड्यांत वापरली गेली. वळणावर बाहेरचं चाक रस्त्याला सरळ टेकतं. ६५-६६ चा टेम्प्लेट घेऊ नका, ६७ चा वेगळा आहे.

गिअरवाली:

दादा, तीन नंबरला ऑइल घालूनही कॉम्प्रेशन वाढलं नाही म्हणजे रिंगा बऱ्या आहेत, व्हॉल्व्ह बसत नाहीये. ही हेड शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातली. ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटला आधार द्यायचं. बिनशिशाच्या पेट्रोलवर एक्झॉस्टची सीट खचत जाते. हेड उतरवून टणक सीट बसवून घ्या, खालचं इंजिन उघडायची गरज कदाचित पडणारही नाही.

तुमच्या २८९ चा २०० हॉर्सपॉवरचा कागदावरचा आकडा मात्र पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर न लावता मोजलेला आहे. अमेरिकेत १९७२ पासून सगळं लावून मोजायला लागले. खरी ताकद हवी असेल तर ८७ ते ९३ च्या मस्टँगचं पाच लिटरचं एचओ (हाय आउटपुट) इंजिन बघा. ते तुमच्या २८९ च्याच घराण्यातलं आहे, टॉवरमध्ये सरळ बसतं, आणि सुरुवातीचं ८७ चं २२५ हॉर्सपॉवर सगळं लावून मोजलेलं. फक्त दोन गोष्टी जपा. फायरिंग ऑर्डर वेगळी आहे, वायरी जुन्या क्रमाने लावल्या तर ते खोकत बसेल. आणि त्याच्या बॅलन्सचं वजन ५० औंसाचं, तुमचं २८ चं. फ्लेक्सप्लेटची (इंजिनाला गिअरबॉक्स जोडणाऱ्या दातेरी चकतीची) अदलाबदल झाली तर इंजिन थरथरून बेअरिंग खाईल.

हायवेसाठी मी मात्र इंजिनाआधी गिअरबॉक्स बदलीन. माझ्या ६८ मध्ये मी एओडी (चार गिअरचा ओव्हरड्राइव्ह ऑटोमॅटिक) घातलाय, चौथा गिअर ०.६७ चा. तुमच्या मागच्या अॅक्सलचा गिअर ३.०० चा असेल तर आज सत्तरला इंजिन साधारण २८०० फेऱ्यांवर असेल. नुसता एओडी लावला तर १९०० च्या खाली जाऊन गुदमरेल, म्हणून मागे ३.५५ घाला, २२०० च्या वर राहील. कानाला शांत आणि उठतानाही जोरदार. तुमच्या इंजिनाला १६४ दातांची, २८ औंसाची फ्लेक्सप्लेट लागेल. आणि कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल प्रेशर गेज लावूनच जुळवा. माझा पहिला गिअरबॉक्स त्या केबलपायी आठवड्यात जळला, अजून जीव हळहळतो.

धागाकर्ता:

जुनापाना काका, गिअरवाली ताई, मनापासून आभार. आज सकाळी सांगितल्या क्रमाने गेलो. फायरवॉलचे नट सैल केले, काही नाही. मग नळीचा नट पाऊण फेरा फिरवला, फर्रकन ऑइल आलं आणि पोराने धरलेलं चाक त्याच्या हातात गर्रकन फिरलं. पितळी सीट काढली तर मागे चिमणीच्या चोचीसारखा काळा रबरी व्हॉल्व्ह आणि नखाएवढी स्प्रिंग. फोटो बाबांना पाठवला. त्यांनी लगेच फोन केला आणि तो व्हॉल्व्ह फेकू नकोस, मी आल्यावर दाखव म्हणाले.

डिस्क-ड्रमचा, एक इंच बोअरचा मास्टर सिलिंडर मागवलाय, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही. इंजिन आणि गिअरबॉक्स यंदा नाही, फक्त तीन नंबरच्या बाजूचं हेड उतरवणार. कोयोटीचा विषय बंद.

काका, एकच विचारायचं राहिलं. वरचा पत्रा उचलण्याआधी दरवाजांच्या मधे आतून आडवा पाइप वेल्ड करून बॉडी धरून ठेवावी लागेल का? हार्डटॉप आहे म्हणून चालेल असं एक जण म्हणाला, पण दरवाजे आत्ता अगदी सुंदर बसतात आणि ते मला बिघडवायचे नाहीत.