किनाऱ्यावरच्या वाडीला तयार एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) घ्यावा का?

किनारवाडी:
देवगड तालुक्यात समुद्राला लागून आमची वाडी, शंभरेक उंबरे. संडासांना सेप्टिक टँक आहेत, मोरीचं पाणी मात्र सरळ व्हाळात. होमस्टे वाढल्यापासून नाताळात आणि मे महिन्यात व्हाळ काळा पडतो, पुळणीवर उभं राहवत नाही. एका कंपनीने ग्रामपंचायतीला एसटीपीचं कोटेशन दिलंय, ब्लोअर-पंप-पॅनलसकट. सरपंच अर्धे तयार झालेत. छोट्या गावात कोणी असा प्लांट चालवलाय का? दुसरं काही सुचवाल?

सुरंगी:
आमच्याकडच्या एका रिसॉर्टला आहे. पाटी झकास, आत बेडूक. पहिल्याच पावसाळ्यात मोटर जळली ती जळलीच.

जुना_ओव्हरसियर:
कोटेशन तूर्त बाजूला ठेवा. त्या प्लांटमधले पाणी शुद्ध करणारे जंतू ब्लोअरने सोडलेल्या हवेवर जगतात. ब्लोअर बराच वेळ बंद राहिला की ते मरतात आणि प्लांट पुन्हा रुळायला कित्येक दिवस जातात. कोकणात पावसाळ्यात लाइट किती टिकते ते तुम्हीच जाणता. शिवाय तुमचं पाणी एरवी थोडं, सुट्ट्यांत धो धो. असा चढउतार या यंत्रांना सोसत नाही.

मोरीचं पाणी निराळं धरा. ज्यांना परसू आहे त्यांनी जाळी आणि गाळ बसायला छोटी टाकी करून माडा-केळीच्या आळ्यात सोडावं. जागा नसलेल्या घरांचं तेवढं बंद पाइपातून एकत्र आणा आणि कर्दळ लावलेल्या खडीच्या वाफ्यातून काढा. पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं सांडपाणी अशाच डेवॅट्स पद्धतीने, म्हणजे जागच्या जागी छोट्या व्यवस्थेत, शुद्ध होतं. तिथे वाफ्याच्या आधी बंद टाक्या आहेत, तुमच्या मोरीच्या पाण्याला एवढंही लागणार नाही.

मला जास्त काळजी सेप्टिक टँकची वाटते. त्यातून बाहेर पडणारं पाणी काही शुद्ध नसतं, खरं काम पुढची माती करते. पुळणीच्या वाळूत पावसाळ्यात हातभर खणलं की पाणी लागतं, मग माती काम करणार कधी? जांभ्यावरही भिस्त ठेवू नका, भेगांतून पाणी कुठच्या कुठे जातं. भारतीय मानकात शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर सांगितलाय. टेप घ्या आणि मोजा.

किनारवाडी:
काका, आज आमच्या आळीत मोजलं. एका होमस्टेच्या शोषखड्ड्यापासून शेजारणीची विहीर ९ मीटरसुद्धा भरत नाही. मधे फक्त गडगा. स्वतःच्या विहिरीपासून मात्र चांगला लांब घेतलाय बेट्याने! पैशांचं काय करायचं?

हिशेबनीस:
स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत धरले होते, त्यातले ३० टक्के वित्त आयोगाच्या निधीतून. गाव बाराशेचं असेल तर ३ लाख ३६ हजार. यात शोषखड्डे आणि वाफा बसतो, तुमचा ब्लोअर नाही. सध्याचे दर झेडपीच्या पाणी व स्वच्छता विभागात विचारा. वाफ्याची जागा भरतीरेषेच्या किती जवळ येते तेही बघा, नाहीतर सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांत, अडकाल.

सुरंगी:
गाळाचंही आत्ताच ठरवून टाका. वाईत नगरपालिका दर ३ वर्षांनी पाळीने टाक्या उपसते, तुंबायची वाट बघत नाही, आणि तो मैला त्यांच्या स्वतःच्या मैला-प्रक्रिया प्रकल्पात जातो. तुम्ही असा प्रकल्प असलेल्या जवळच्या नगरपंचायतीशी बोला. टँकर पाखाडीत शिरत नाही, तेव्हा पाइप किती लांब आहे ते आधी विचारा. आणि टाकीत माणूस उतरवू नका, कायद्याने बंदी आहे.

किनारवाडी:
शेजारीण विचारतेय, पाणी प्यायचं की नाही?

जुना_ओव्हरसियर:
आज तरी उकळूनच. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून एचटूएसची बाटली (पाणी दूषित आहे का ते तपासायची) मागवा, पाणी भरून एक-दोन दिवस ठेवा. काळी पडली तर पाणी दूषित; टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून तात्पुरतं भागेल, पण खड्डा हलवावाच लागेल. तिथे पाणी इतकं वर असेल तर नवीन खड्डा खणूच नका, जमिनीच्या वर भर घालून तळ बंद केलेला वाफा बांधा. खर्च होमस्टेवाल्याचा, आणि हे ग्रामसभेत लिहून घ्या.