अरबी घोडी घ्यायचीय, शुद्ध आहे की नाही कसं ओळखायचं? (शहादा, नंदुरबार)

राम राम मंडळी, मदत हवी आहे. आमचं गाव सारंगखेड्याजवळच, दत्तजयंतीच्या यात्रेत लहानपणापासून घोडे बघत आलोय, आबांची काठियावाडी घोडी आजही दारात आहे. पण यात्रेत जास्त करून मारवाडी, काठियावाडी नाहीतर पंजाबकडचे नुकरे (पांढरे, गुलाबी कातडीचे). मला अरबीच पाहिजे, लग्नात नाचवायला नाही, लांब रपेट मारायची खूप हौस आहे आणि पुढं जमलं तर घरचीच शिंगरं काढायची.

इकडच्याच एका पाळणाऱ्याकडे दीड वर्षाची वछेरी बघून आलो. तोंड बारीक, नाकाडावर थोडी खोलगट, पळताना शेपूट एकदम वर, बघूनच जीव जडला. पण अंग जन्मापासून पांढरं म्हणतात, नाकपुड्या आणि डोळ्यांभोवती कातडी गुलाबी, डोळे फिकट निळे, आणि आवाज दिला की कान असे वळतात की टोकं जवळजवळ भिडतात. बाप इंपोर्टेड लाईनचा म्हणे, कागद मागितले तर मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. वर विसार आत्ताच द्या, यात्रेत नेली की भाव डबल. कुणी अरबी पाळत असेल तर सांगा, काय काय तपासायचं? आबांच्या घोडीला बाहेरचा आजार लागायला नको ही पण काळजी आहे.

प्रतिसाद १
भाऊ, विसार देऊ नका अजून. पांढरा दिसणारा अरबी जन्मतो गडद रंगाचा, मग वर्षावर्षाने पांढरा होत जातो आणि कातडी आतून काळीच राहते. जन्मापासून पांढरं आणि कातडी गुलाबी हे शुद्ध अरबीत अगदीच क्वचित, त्यात डोळे निळे म्हणजे मला तरी नुकरा रक्त वाटतंय. कानाची टोकं भिडतात ती मारवाडी-काठियावाडीची खूण. जनावर वाईट आहे असं नाही, पण अरबीच्या भावात घेऊ नका. उंचीवर पण जाऊ नका, अरबी साधारण ५७ ते ६१ इंचाचाच असतो, इकडे ६४ इंची अरबी म्हणून सांगतात तिथंच शंका घ्यायची.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. चेहरा बघून शुद्ध ठरत नाही, स्टडबुकात (जातीच्या वंशावळीच्या नोंदवहीत) नोंद पाहिजे आणि आईबापाची डीएनए जुळणी पाहिजे, त्याला आयाळीचे केस मुळासकट उपटून पाठवतात. शिंगरं काढायची असतील तर एससीआयडीची टेस्ट विसरू नका, हा अरबीतला आनुवंशिक आजार आहे, यात शिंगराला प्रतिकारशक्तीच नसते, नर-मादी दोघंही वाहक (स्वतः धडधाकट, पण रक्तात दोष असलेले) निघाले तर चारात एक शिंगरू रोगी व्हायची शक्यता असते आणि ते सहाएक महिन्यांच्या आतच जातं, फार वाईट वाटतं हो बघताना. आणि ग्लँडर्ससाठी (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) रक्त तपासल्याशिवाय आबांच्या घोडीशेजारी कुठलंही जनावर बांधू नका, त्याला लस नाही, माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह आलं तर जनावर मारावंच लागतं. सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. विसार थांबवला, आधी केस आणि रक्त द्या म्हणून आजच फोन करतो. दोंडाईचा-शिरपूर भागात कुणी कागदवाली अरबी पाळत असेल तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घोडी थोडी वयस्कर असली तरी चालेल.