मदत हवी आहे: घरी केलेल्या वायरीने रेकॉर्ड प्लेयरचा आवाज बदलला

नमस्कार मंडळी,

मी वेंगुर्ल्याचा, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. बाबांच्या नाट्यसंगीताच्या आणि भजनांच्या एलपी अजून लावतो. खिडकीतून पावसाची झड येते म्हणून यंदा प्लेयर आतल्या भिंतीला हलवला, तर प्लेयरपासून अ‍ॅम्पपर्यंत (अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत) जाणारी जुनी एक मीटरची वायर पुरेना. तशी तीही गेलेलीच होती. पिनेपाशी सोलून पाहिलं, आतल्या तारेभोवतीच्या जाळीवर हिरवा कळंक, चिमटीत धरली की तारा तुटून हातात येत होत्या.

माइकची दोन कोअरची (आत दोन तारा असलेली) शिल्डेड, म्हणजे बाहेरून जाळी असलेली वायर आणून दोन मीटरची जोडी केली. एक कोअर सिग्नलला, दुसरी ग्राउंडला, जाळी फक्त अ‍ॅम्पच्या टोकाला. मागची घूंघूं जवळजवळ थांबली, पण 'स', 'श' टोचायला लागले आणि झांजेची किणकिण विझली.

हीच वायर सीडी प्लेयरला लावली. भावाला मला न सांगता अदलाबदल करायला लावलं, दहा वेळा ऐकूनही मला जुनी-नवी ओळखता आली नाही. म्हणून तांब्याच्या दर्जावर माझा संशय नाही. संशय आहे तो कपॅसिटन्सवर, म्हणजे वायरीच्या विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर. मीटरवर जुनी वायर 110 पिकोफॅरड दाखवते, नवी 310. अ‍ॅम्पचे 150 धरले तर माझ्या 0.5 हेन्रीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (सुई बसते त्या भागाचा) रेझोनन्स, म्हणजे जिथे आवाज फुगतो ती वारंवारता, 14 हजार हर्ट्झवरून साडेदहा हजारांवर उतरतो. तिथे उठाव, पुढे घसरण. ऐकू येतंय तेही असंच. सीडी प्लेयरचं आउटपुट 1 किलोओहम धरलं तर 310 पिकोफॅरडने आवाज पडायला लागतो तो पाच लाख हर्ट्झच्या वर, तिथे कान पोचत नाही.

हिशेबात चूक असेल तर सांगा. लांबी कमी करता येत नाही, म्हणून वायरच बदलावी म्हणतो. डिश टीव्हीची आरजी-6 वायर हाताशी आहे, कपॅसिटन्सही कमी, पण तिची जाळी अ‍ॅल्युमिनियमची, सोल्डर धरत नाही. तांब्याच्या जाळीची आरजी-59 मीटरला 67 पिकोफॅरडच्या आसपास असते, दोन मीटरचे 135 होतील. पण एकच कोअर असल्याने जाळी दोन्ही टोकांना जोडावी लागेल. मग घूंघूं परत येईल का? प्लेयरची वेगळी ग्राउंडची तार अ‍ॅम्पला लावलेली आहे. कोणी अशी वायर रेकॉर्ड प्लेयरला वापरली आहे का?

दुसरं, खाऱ्या हवेत सांधे टिकवायचे कसे? सोल्डर राळेच्या फ्लक्सचं वापरतो, अ‍ॅसिडचं नाही. आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) पुरेल, की पिनेत आणखी काही भरावं? दुकानदार ग्रीस सांगतो, मला ते पटत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी काय केलंय आणि किती पावसाळे टिकलं, ते जरूर लिहा. शनिवारी कोल्हापूरला जाणार आहे, सामान तिथूनच आणीन.