मोहाच्या बियांचं तेल त्वचेला-केसांना लावावं का? (बडोदा)

मांजलपूरवासी
नमस्कार. थंडी पडली की माझ्या पोटऱ्या पांढऱ्या पडतात, टाचांना भेगा जातात, केसांची टोकं दुभंगतात. ऑफिसातल्या छोटाउदेपूरच्या एका बाईंनी मोहाच्या बियांचं तेल, म्हणजे डोळियुं, लावायला सांगितलं. कुणी वापरलंय का? चेहऱ्याला चालेल का? खात्रीचं कुठे मिळेल? लेकीला, वय ७, कोंडा झालाय. तिच्याही डोक्याला लावू का?

दांडियाबाजार_७
टाचांना बिनधास्त लावा. रात्री पाय कोमट पाण्यात भिजवायचे, टिपायचे, तेल चोळून सुती मोजे घालायचे. आमच्या सासूबाई दुसरं काही लावतच नाहीत. वास मात्र उग्र असतो.

रावपुऱ्याच्या_काकू
आमच्याकडे हे तेल दर वर्षी येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोहाची फुलं चैत्राच्या आसपास गळतात, फळं त्यानंतर उन्हाळा संपता संपता पिकतात. त्या फळातल्या बिया फोडून, गर वाळवून घाणीला देतात. गरात निम्म्याच्या आसपास तेल असतं. छोटाउदेपूरकडच्या राठवा आदिवासींच्या घरांत ते स्वयंपाकालाही वापरतात. थंडीत ते तुपासारखं थिजतं, उन्हाळ्यात पातळ होतं. त्यामुळे डिसेंबरात कुणी अगदी पातळ, बिनवासाचं, पांढरंशुभ्र तेल दाखवलं, तर ते रिफाइंड आहे का किंवा त्यात दुसरं काही मिसळलंय का, हे विचारा. घाणीचं तेल पिवळसर असतं.

लावायचं कसं? आंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच, अगदी थोडं. तेलात पाणी नसतं, ते फक्त त्वचेतला ओलावा धरून ठेवतं. कोरड्या अंगावर चोळलं तर नुसता चिकटपणा राहतो. पोटऱ्या, कोपरं, टाचा यांना मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही. भेगांतून रक्त येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

चेहऱ्याला मी नाही म्हणेन, निदान मुरमं येणाऱ्यांनी तरी. जड तेल आहे.

लेकीच्या डोक्याला कृपया लावू नका. कोंड्यामागे मलासेझिया नावाची बुरशी असते आणि तेलातली स्निग्धाम्लं हेच तिचं खाद्य. तेलाने पापुद्रे तात्पुरते दबतात, म्हणून बरं वाटतं, पण कोंडा वाढतो. लहान मूल आहे, त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच शाम्पू घ्या.

अलकापुरी_वाचक
कोंड्याचं पटलं. पण या तेलाने केस वाढतात असं आमच्याकडे सगळे सांगतात. माझ्या बहिणीचे केस खरंच दाट झालेत.

रावपुऱ्याच्या_काकू
बहिणीचे केस छान झालेत याचा आनंदच आहे. केस वाढतो तो मुळाशी, आणि वरून लावलेलं तेल तिथे नवीन केस आणत नाही. केसावर थर बसतो, विंचरताना तुटणं कमी होतं, म्हणून लांबी टिकते. केसाच्या आत शिरायला खोबरेल जास्त चांगलं, त्यातल्या लॉरिक आम्लामुळे. म्हणून केसांना मी धुण्याआधी तासभर खोबरेल लावते आणि डोळियुं फक्त टोकांना, दोन थेंब.

मांजलपूरवासी
काकू, मनापासून धन्यवाद. लेकीसाठी उद्याच अपॉइंटमेंट घेते. तेल कुठून घेऊ?

दांडियाबाजार_७
छोटाउदेपूरला शनिवारचा हाट भरतो, तिथे चौकशी करा. नाहीतर त्या ऑफिसातल्या बाईंनाच सांगा. ओळखीच्या घाणीवरून आणलेलं सगळ्यात बरं.

रावपुऱ्याच्या_काकू
बरोबर. एकदम पाच लिटर घेऊ नका, पाव लिटर पुरे. हे तेल लवकर खवट होतं. काचेच्या गडद बाटलीत, उन्हापासून लांब ठेवा, ओला हात घालू नका. खवट वास आला तर त्वचेला लावू नका, दिव्याला वापरा. आणि पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस बघा. खाज, लाली काही आली नाही तरच पुढे.

पेंडही मिळाली तर विचारपूर्वक घ्या. तिच्यात सॅपोनिन असतं, फेस होतो, म्हणून काही लोक तिने केस धुतात. पण डोळ्यांत गेली तर फार झोंबते आणि माशांना ती विषारी असते. घरात माशांची टाकी असेल तर तिच्या आसपास नकोच.