वायरने नेट टिकत नाही, घरात दोन राऊटर – मदत हवी आहे

दांडियाबाजारवाला: खाली कंपनीचा फायबरचा डबा, वर माझ्या खोलीत जुना राऊटर. मधली वायर अगाशीवरून घेतलेली आहे. कॉम्प्युटर वायरने जोडला की पिवळा त्रिकोण येतो. मध्येच थोडा वेळ चालतं, परत बंद. कंपनीचा माणूस म्हणाला, खाली नेट बरोबर आहे, वरचं आमच्याकडे येत नाही. सोमवारपासून घरून काम आहे, लवकर सांगा.

केबलकाका: खालून आलेली वायर वरच्या राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) आहे की लॅनच्या (घरातले कॉम्प्युटर जोडायच्या)? आयपी, म्हणजे कॉम्प्युटरला मिळालेला पत्ता, काय दिसतो? काहीच लिहिलेलं नाही.

दांडियाबाजारवाला: लॅनमध्ये. पहिल्यापासून तसंच आहे आणि मस्त चालायचं. दिवे सगळे लागतात.

पोळवाला: अगाशीवरून वायर आणि नुकतंच उत्तरायण झालं, आणखी काय शोधताय? १४-१५ जानेवारीला पोरं अडकलेला पतंग काढायला जी हाताला येईल ती वायर ओढतात. आमच्या पोळमध्ये (जुन्या गल्लीत) टीव्हीची केबलसुद्धा अशीच गेली. नवीन टाका.

केबलकाका: वायर गेली असती तर दिवा लागला नसता.

पोळवाला: अर्धवट तुटलेल्या वायरीवरही दिवा लागतो. मी भोगलंय.

मेशवाली: दोन्ही राऊटर काढा, मेश घ्या (घरभर एकच वायफाय पसरवणारे डबे). आम्ही अलकापुरीत तेच केलं. तोवर वायफायचा चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवून बघा, फरक पडतो.

दांडियाबाजारवाला: ताई, प्रश्न वायरचा आहे, वायफायचा नाही!!

केबलकाका: भांडू नका. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) आयपीकॉन्फिग टाका. १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा असेल तर कॉम्प्युटरला कोणी पत्ता दिलेलाच नाही.

दांडियाबाजारवाला: १९२.१६८.१.१०३. गेटवे (ज्या राऊटरमधून नेट येतं त्याचा पत्ता) १९२.१६८.१.१. खाली मोबाइलवरही गेटवे हाच, म्हणजे बरोबरच आहे ना?

केबलकाका: वरचा राऊटर मध्यंतरी कोणी रिसेट केला का?

दांडियाबाजारवाला: पासवर्ड सापडेना म्हणून भावाने पिन खुपसून केला होता. त्याचा इथे काय संबंध?

केबलकाका: सगळा संबंध तिथेच आहे. रिसेट झाल्यावर वरचाही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवून घ्यायला लागला आणि त्याचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायची सोय) परत सुरू झाला. एका घरात दोघे पत्ते वाटतायत, तेही एकच नाव लावून. खालचा सापडला की नेट चालतं, वरचा सापडला की बंद, कारण त्याच्याकडे नेटच नाही.

खालून येणारी वायर काढा. कॉम्प्युटर फक्त वरच्या राऊटरला ठेवून १९२.१६८.१.१ उघडा. लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२५० करा, पण खालचा डबा तो आकडा वाटत नाही ना, हे आधी बघा. मग नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी बंद करा आणि वायर परत लॅनमध्येच लावा.

वॅनभक्त: एवढा व्याप कशाला? वायर वॅनमध्ये घाला, विषय संपला.

केबलकाका: दोन्हीकडे १९२.१६८.१ असताना वॅनमध्ये घातली तर राऊटर गोंधळतो. आतला पत्ता १९२.१६८.२.१ करावाच लागेल. शिवाय खालचा प्रिंटर वर आपोआप दिसणार नाही.

वॅनभक्त: प्रिंटरचं कोणी विचारलं?

दांडियाबाजारवाला: चालू झालं काका! पण स्पीड ९४ एमबीपीएसच्या वर जात नाही. खाली ३०० येतो.

पोळवाला: बघा. वायर. मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

केबलकाका: ९४ म्हणजे लिंक (वायरची जोडणी) १०० ची आहे. १०० ला वायरीतल्या दोनच जोड्या लागतात, १००० ला चारही, त्यामुळे पोळवाले बरोबर असू शकतात. पण जुन्या राऊटरचे पोर्टच १०० चे असतील तर सोन्याची वायर टाकूनही तेवढंच येईल. वरचा राऊटर बाजूला ठेवा, वायर थेट कॉम्प्युटरला लावा आणि लिंक स्पीड बघा.

दांडियाबाजारवाला: १००० दाखवतोय.

केबलकाका: मग वायर धडधाकट आहे. राऊटरच जुना.

पोळवाला: या वर्षी वाचली. पाईपातून तरी घ्या.

दांडियाबाजारवाला: वायर थेटच ठेवली तर? पण ऑफिसचा लॅपटॉपही जोडायचाय. वर वायफाय मी वापरतच नाही.

केबलकाका: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (एका वायरीवर अनेक कॉम्प्युटर जोडणारा १००० चा डबा) आणा, सेटिंग काही करावं लागत नाही.

मेशवाली: मेशच्या डब्यालाही मागे वायरीचे पोर्ट असतात.