लोकगायकाची मुलाखत: बॅन्जो सुरू झाला की आवाज फाटतो, आणि उत्तरं एका ओळीत संपतात

ॲशव्हिलकर
मंडळी, मराठी पॉडकास्टसाठी नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातल्या एका ज्येष्ठ गायकाची मुलाखत ठरली आहे. गाणी स्वतः लिहितात, बॅन्जो आणि गिटार वाजवतात. त्यांच्या घरीच, दोन तास. साहित्य: चार चॅनलचा रेकॉर्डर, कॉलरचे दोन माइक, एक छोटा कंडेन्सर माइक. चाचणीत बोलणं स्वच्छ आलं, पण बॅन्जो सुरू होताच आवाज फाटला. आणि "हे गाणं कसं सुचलं?" विचारलं की "सुचलं, झालं" एवढ्यावर विषय संपतो. हक्कांचं काय करावं, तेही सांगा.

तबकडी_७८
लेव्हल बोलण्यावर लावलीत म्हणून फाटतो. उलटं करा. आधी त्यांना सगळ्यात जोरकस गाणं वाजवायला सांगा आणि शिखरं उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाहीत इतका गेन (माइकचा आवाज वाढवणारं बटण) खाली आणा. बोलणं हळू येईल, येऊ द्या. २४ बिटमध्ये हळू आलेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं सांधत नाही.

कॉलरचा माइक गाण्याला निरुपयोगी. वाद्याचा पट्टा त्यावर घासतो, शर्टाची सळसळ येते. तो फक्त बोलण्यासाठी ठेवा. कंडेन्सर स्टँडवर लावा (त्याला रेकॉर्डरमधून लागणारी ४८ व्होल्टची वीज चालू करायला विसरू नका). गिटारला बाराव्या पडद्यासमोर (फ्रेट) २५-३० सेंमी अंतरावर. भोकासमोर धरलात तर घुमतं. बॅन्जोला ४० सेंमी तरी दूर, घोडीवर रोखायचा नाही, कातड्याच्या खालच्या कडेकडे कलता.

पायाने ठेका धरणारच. स्टँडखाली आणि त्यांच्या बुटाखाली सतरंजीची घडी टाका. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायची आठवण राहते. शेवटी कुणीही न बोलता मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करा, काटछाट झाकायला लागते. ४८ किलोहर्ट्झवर दोन चॅनलना तासाला साधारण १ जीबी, म्हणजे चारही चॅनल लावले तर दोन तासांचे ४. कार्ड ३२ चं पुरे.

पाचवी_तार
आवाजाचं वर आलंच आहे. माझं म्हणणं एकच: वाद्य हातातून काढून घेऊ नका. लोकगीतं गोळा करणारे ॲलन लोमॅक्स यांनी १९३८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टन यांना बोलतं केलं ते पियानोवर बसवून. बोलता बोलता त्यांचे हात सूर धरत राहतात. १९४० च्या मार्चमध्ये लोकगायक वुडी गथ्री यांच्याशीही तसंच, गिटार मांडीवर. "आयुष्याबद्दल सांगा" म्हटलं की माणूस सावरून बसतो. हात चालू असले की आयुष्य आपोआप बाहेर येतं.

"कसं सुचलं" बाद. विचारा: आधी ओळ आली की चाल? कुठलं कडवं कापलंत? ते म्हणून दाखवाल? वहीत खोडाखोड कुठे आहे? कापलेलं कडवं बहुतेकांना पाठ असतं, आणि ते का कापलं हे सांगताना गाण्याचा सगळा हिशेब उलगडतो.

सूर लावण्याचा वेळ फुकट घालवू नका. पाच तारी बॅन्जोचा नेहमीचा 'जी' (G) सूर, आखूड पाचव्या तारेपासून: जी-डी-जी-बी-डी. दुसरी तार बी वरून सी केली की 'सॉमिल', उदास बॅलडचा (कथागीताचा) सूर. त्यातच चौथी डी वरून सी वर उतरवली की 'डबल सी'. त्यावर दुसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून नाचाच्या चाली डी मध्ये वाजवतात. पण कॅपोखाली पाचवी तार येत नाही, म्हणून सातव्या पडद्यापाशी खेळण्यातल्या रेल्वेचा इवलासा खिळा ठोकलेला असतो, त्याखाली ती अडकवतात. तो खिळा दिसला की विचाराच. एखादं गाणं त्याच सुरात का बांधलं, याचं उत्तर बहुधा "ज्यांच्याकडून शिकलो ते असंच लावायचे" असं येतं, आणि पुढचा अर्धा तास तुमचा. तारा बदलल्यावर दोन-तीन मिनिटं सरकत राहतात, बॅन्जोवर खरं कातडं असेल तर दमट हवेत ढिलंही पडतं. लगेच "आता गा" म्हणू नका, हे प्रश्न तेव्हाच विचारा.

हातांचं व्हिडिओ वेगळं घ्या. लोकगायिका एलिझाबेथ कॉटन डावखुऱ्या होत्या. उजव्या हाताची गिटार उलटी धरून त्या खर्ज बोटांनी आणि चाल अंगठ्याने वाजवत. नुसतं ऐकून हे कळलं नसतं.

कागद_आधी
आपल्याकडे "तुका म्हणे" आलं की कर्ता कळतो. तिकडच्या बॅलडना नाममुद्रा नसते, म्हणून प्रत्येक गाण्याला "कोणाकडून शिकलात?" विचाराच. हा सौजन्याचा प्रश्न नाही, पैशाचा आहे. लोकगायक फ्रँक प्रॉफिट यांच्याकडून घेतलेलं 'टॉम डूली' हे गाणं १९५८ मध्ये किंग्स्टन ट्रिओ या गायकत्रयीच्या रेकॉर्डवर गाजलं, श्रेय मात्र सुरुवातीला प्रॉफिट यांना नव्हतं.

गाणं आणि त्याचं रेकॉर्डिंग हे दोन वेगळे हक्क. गायकाने होकार दिला तरी शब्द-चाल एखाद्या प्रकाशकाकडे असू शकते, ते आधी विचारा. संमतीपत्रात तीन गोष्टी वेगळ्या लिहा: पूर्ण गाणं वाजवणं, तुकडा वाजवणं, आणि मराठी भाषांतर. भाषांतराला स्वतंत्र परवानगी लागते, हे बरेच जण विसरतात. अर्धवट लिहिलेलं गाणं त्यांनी सहज म्हणून दाखवलं तर ते प्रसारित करू नका. सही वाद्य पेटीत जायच्या आत घ्या, नंतर ईमेल फिरत राहतात.

ॲशव्हिलकर
सगळ्यांचे आभार. एक शंका: चाचणीत "अप द हॉलर" असं ऐकू आलं. ओरडण्याशी संबंध?

पाचवी_तार
नाही हो. हॉलर म्हणजे दोन डोंगरांमधली अरुंद घळ. तसंच 'ब्रँच' म्हणजे फांदी नव्हे, ओढा. आणि 'पोक' म्हणजे पिशवी. सबटायटल लिहायच्या आधी अशा शब्दांची यादी त्यांच्याकडूनच वाचून घ्या, आणि तेव्हाही रेकॉर्डर चालू ठेवा.