विषाणूच्या काट्याचं काय होतं: रूपांतर, उलगडणं की आणखी काही?

गंगापूर रोड: बारावीच्या मुलांसाठी भित्तिपत्रक करतेय. करोनाचा काटा (विषाणूवरचं प्रथिन) पेशीवरच्या एसीई-२ ग्राहीला, म्हणजे तिथल्या एका प्रथिनाला, धरतो, मग त्याची घडण बदलते. मी लिहिलं, ‘किल्ली कुलपात बसते तसा’. शाळेतले सर म्हणाले, किल्लीचा आकार कुठे बदलतो? पटलं. ‘रूपांतर’ म्हटलं की मुलांना बेडूक आठवतो. ‘उलगडतो’ चालेल?

सूक्ष्मजीव: ताई, ‘उलगडतो’ नको. अंडं उकडताना प्रथिनाची घडी मोडते, ते उलगडणं. इथे एक घडी जाऊन दुसरी पडते. काट्यात तीन सारख्या साखळ्या असतात. प्रत्येकीचं टोक कधी मिटलेलं, कधी वर उचललेलं. उचललेलं असेल तरच एसीई-२ हाती लागतो. पुढे वरचा भाग गळतो आणि आतला लांब होऊन पेशीच्या पटलात घुसतो. फ्लूला मात्र हेच वाक्य लावू नका. तो पेशीवरच्या सायलिक आम्लाला (एक प्रकारच्या शर्करेला) धरतो खरा, पण त्याची मोठी उलथापालथ होते पेशीच्या आत, पिशवीतली आम्लता वाढल्यावर.

पिंपळगावची बाग: मग ‘खटका’ म्हणा की! उंदराच्या सापळ्यात ताण आधीच भरलेला असतो. एकदा उडाला की आपोआप मागे येत नाही.

सूक्ष्मजीव: दादा, नेमकं बोललात. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींत दोन जागी प्रोलीन (एक अमिनो आम्ल) घालून हाच खटका अडकवून ठेवलाय, म्हणजे शरीराला न उडालेला काटा ओळखता येतो. कोविशील्डमध्ये तो बदल नव्हता.

भगूरचा मास्तर: खटके भांडणात उडतात. शास्त्राला ‘संरूपबदल’ असा घडीव शब्द हवा. सावरकर आमच्या गावचे; त्यांचा ‘महापौर’ही लोकांना आधी जड वाटला होता. आणि ताईंनी ‘किल्ली’ लिहिलं ते उत्तम. हल्ली सगळे हिंदीतली ‘चावी’ लिहितात.

पंचवटी: गुरुजी, ‘चावी’ पोर्तुगिजांची, पाव-बटाट्यासोबत आलेली. आणि तुमचं ‘कुलूप’ अरबी ‘कुफ्ल’वरून. आमच्या वाड्यात आजी दाराला किल्ली लावायची आणि घड्याळाला चावी द्यायची. दोन कामं, दोन शब्द.

भगूरचा मास्तर: आमच्याकडे घड्याळालाही किल्लीच देत. कुलूप अरबी असेल तर ‘टाळं’ आहे.

पिंपळगावची बाग: टाळं बँक ठोकते, गुरुजी. घराला आम्ही कुलूपच लावतो.

गंगापूर रोड: छपाई सोमवारी आहे. ‘खटका’ चित्राखाली घेतलाय, मथळा अजून कोराच आहे.

पंचवटी: आजीचं ते घड्याळ अजून चालतं. चावी द्यायची म्हणजे ताणच भरायचा ना?